लांबीखालचा पत्रा

आमच्या दारातली फियाट गेले पाच महिने करड्या रंगात उभी आहे आणि गल्लीतल्या प्रत्येकानं एकदा तरी विचारलंय, "रंग कधी मारताय?" उत्तर एका वाक्यात बसत नाही, आणि त्यात माझ्या गाडीपलीकडचंही थोडं आहे. म्हणून इथं लिहितोय. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

गाडी १९८५ ची प्रीमियर पद्मिनी. कागदावर पद्मिनी, पण आपल्याकडं तिला फियाट सोडून दुसरं नाव कुणी दिलं नाही. मूळ इटलीची फियाट ११००. बनायची मात्र आपल्या कुर्ल्यात, सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या कंपनीच्या कारखान्यात. १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली तेव्हा पेपरांत फोटो आले, सगळे हळहळले. आमची वडिलांनी सेकंडहँड घेतलेली. ज्योतिबा, गगनबावडा, पन्हाळा, सगळं तिच्यातनंच. मागच्या सीटवर आम्ही चौघं भावंडं आणि मधे डब्यांची पिशवी.

इंजिनाला मी हात लावला नाही, ते मेकॅनिककडं. पत्र्याचं काम मात्र घरी करायचं ठरवलं. कारण पैसे आणि थोडी हौस. आमच्या ओळखीचे एक डेंटर मिस्त्री आहेत, उद्यमनगरात उभी हयात गेली. ते म्हणाले, "सर, रंगाचं मागनं बगू. आदी फ्रीजवरचा चुंबक घिऊन या."

घरातला गणपतीचा चुंबक नेला. बॉनेटवर चिकटला, टपावर चिकटला, दारांवर वरच्या भागात चिकटला. दाराखाली जो लांब पट्टा असतो, ज्याला गॅरेजात सिल म्हणतात, तिथं लावला तर गणपती सरळ खाली. मागच्या चाकाच्या कमानीवर पण तेच. चुंबक लोखंडाला धरतो, लांबीला धरत नाही. (लांबी म्हणजे पुट्टी. भिंतीला भरतात तशीच, फक्त गाडीची हार्डनर घालून घट्ट करतात.) खरडायला घेतलं. बोटभर जाडीची लांबी निघाली, तिच्यामागं पोत्याची चिंधी, आणि चिंधीमागं पत्राच नव्हता. तांबडा भुगा.

हे का महत्त्वाचं, ते सांगतो. जीपला खाली वेगळी चासी असते, वरचा सांगाडा गंजला तरी चासी भार घेते. फियाटला वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा, सिल, खांब, टप हीच तिची चासी. दोन्ही बाजूंची सिल म्हणजे घराच्या तुळया. ती पोकळ झाली की गाडी चालते, चकाकते, हॉर्न वाजतो, पण धडक बसली तर आतल्या माणसाभोवती उभं राहायला काही उरत नाही. आणि आम्ही त्याच सिलवर पाय देऊन वर्षानुवर्षं चढत-उतरत होतो.

मग एप्रिलपासून शनिवार-रविवार. गंजलेलं कापायचं, चांगला पत्रा लागेपर्यंत. तुकड्याचा आकार आधी जाड कागदावर काढायचा. त्यासाठी लग्नपत्रिकेसारखा कागद दुसरा नाही आणि उन्हाळ्यात त्यांना तोटाही नाही. त्यावरून २० गेजचा पत्रा कापायचा, कानशीनं कडा घासायच्या, जागेवर बसवून बघायचा, परत घासायचा. वेल्डिंग मिस्त्री करायचे. एका दमात रेघ ओढली तर पत्रा तापून पापडासारखा वाकतो. म्हणून इथं एक ठिपका, तिथं एक ठिपका, मधे तंबाखू मळायला थांबायचं. त्या थांबण्यातच निम्मं कसब आहे असं माझं मत झालंय.

खरी परीक्षा पावसाळ्यात. कोल्हापूरचा जुलै तुम्हाला माहीत आहे. संध्याकाळी घासून पांढराशुभ्र केलेला पत्रा सकाळी पिवळसर तांबूस. डोळ्यांदेखत गंज. म्हणून आम्ही नियम केला: जेवढा पत्रा आज उघडा केला तेवढ्याला आजच इपॉक्सी प्रायमर. गंजाचं ॲसिड लावायचं, धुवायचं, हीटरपुढं सुकवायचं, थिनरच्या फडक्यानं पुसायचं, आणि प्रायमर. लांबी त्याच्यावर, आणि ती नखाएवढी पातळ, खळगा भरण्यापुरती. वर पुन्हा सरफेसर. त्यावर काळ्या रंगाचा हलका फवारा मारायचा आणि लाकडी गुटका धरून पॉलिश पेपरनं घासायचं. जिथं काळं राहिलं तिथं खड्डा. शेवटी डोळे मिटून तळहात फिरवायचा. डोळ्याला न दिसणारा उंचवटा हाताला कळतो.

रस्त्याकडेच्या कामात बहुतेक वेळा क्रम वेगळा असतो. उघड्या पत्र्यावर थेट जाड लांबी, वर साधा करडा प्रायमर. त्या प्रायमरला बारीक भोकं असतात, तो पाणी पितो. वर रंग चढतो आणि खाली गंज आपलं काम करत राहतो. मिस्त्रींना विचारलं, तुम्हाला ठाऊक असून लोक असं का करतात? म्हणाले, "गिऱ्हाईक चकाकीचं पैसं देतंय. पत्र्याचं कोण देतंय?"

एक बाजूची गोष्ट, पण सांगायलाच हवी. आजकालच्या टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा छातीत गेला की दमा जडतो, आणि एकदा जडला की पुढं थोडासा वासही सोसत नाही. मी तो रंग घरी मारणार नाही, शेजारी लहान मुलं आहेत. पण आपल्याच शहरात विशीतली पोरं तोंडाला रुमाल बांधून दिवसभर तोच फवारा मारतात. रुमालानं धूळ अडेल, वाफ अडत नाही.

आता पासिंग. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढं दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. २०२० मध्ये हीच गाडी, हीच चिंधी भरलेली सिल घेऊन, पहिल्या फटक्यात पास झाली होती. रंग छान होता ना! यंदा करड्या गाडीची चौकशी करायला गेलो, तर उत्तर मिळालं, "आधी रंग मारून आणा, मग बघू." म्हणजे कुजकी होती तेव्हा चालली आणि धडधाकट झाली तर अडली.

शुल्क मात्र न चुकता वाढतंय. एप्रिल २०२२ मध्ये ६०० चे ५,००० झाले, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या कारला १०,०००. वर राज्याचा पर्यावरण कर. पैसे द्यायला माझी ना नाही. या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, तिचा धूर नव्या गाडीपेक्षा वाईट आहे, आणि मी ती महिन्यातनं चार वेळा बाहेर काढतो म्हणून तो सुवासिक होत नाही. पण वय मोजून पैसे घेणार असाल तर त्या पैशात कुणीतरी खाली वाकून बघावं एवढंच म्हणणं आहे. २०२१ च्या नियमांत विंटेज नोंदणीची सोय आहे, पण ती पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना. आमची चाळिशीतली, ना इकडची ना तिकडची.

ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीत सस्पेन्शन, सीटबेल्ट जिथं जोडलेले असतात त्याच्या तीस सेंटिमीटरच्या आतला पत्रा गंजून कमकुवत झालेला असला की गाडी नापास. तपासनीस बोटानं दाबतो, हलकं ठोकून आवाज ऐकतो. (चाळीस वर्षांपुढच्या, फारशा न बदललेल्या गाड्यांना तिथं २०१८ पासून ही तपासणी सक्तीची नाही. हे मला अजिबात पटत नाही. गंजाला वाढदिवस नसतो.) बोट आणि हातोडी, याला कुठलं यंत्र लागतंय? आमचा गणपतीचा चुंबक चाळीस रुपयांचा.

मिस्त्रींचा मुलगा शोरूमच्या वर्कशॉपला आहे. तिथं दार चेपलं की दार बदलतात, ठोकत नाहीत. त्याला दोष नाही, पगार वेळेवर होतो. मिस्त्रींकडं शिकायला सध्या कुणी येत नाही. माझ्यासारखा एक पन्नाशीचा नोकरदार, तोही शनिवार-रविवार.

डाव्या मागच्या दाराची खालची कड तेवढी राहिलीय. कापायच्या आधीचे, वेल्डिंगनंतरचे आणि प्रायमर मारल्यावरचे सगळे फोटो तारखेनिशी छापून फाईल केली आहे. दिवाळीनंतर पासिंगला जाणार आहे, फाईल आणि चुंबक दोन्ही घेऊन. साहेबांनी बघितलं तर इथं लिहीन. नाही बघितलं तरी लिहीन.