तेरा स्लॉटचा बोर्ड

पुतण्या मोबाईलवर एका मदरबोर्डचा फोटो घेऊन आला. एएसरॉकचा, बिटकॉइन-मायनिंगवाल्यांसाठी काढलेला, तेरा स्लॉटचा. “काका, जुना आहे, स्वस्तात मिळतोय. आधी दोन कार्डे लावू, मग वाढवत जाऊ.” पैसे वहिनीच्या भिशीचे.

मी पडलो कारकून. कागद घेतला. एक कार्ड १२५ वॅट धरले, तर तेरांचे १६२५. दिवसाला ३९ युनिट! चाळीच्या जुन्या वायरीला हे झेपणार? शिवाय २०२२ पासून असे नाणे विकून झालेल्या नफ्यावर ३० टक्के कर, आणि यंत्रांचा खर्च त्यातून वजा होत नाही. बी.कॉम. असूनही हे मला दोनदा वाचावे लागले.

बोर्ड स्वस्त का, हेही त्याला विचारले. कार्डांवर चालणारे मोठे नाणे इथेरियम. त्याचे मायनिंग १५ सप्टेंबर २०२२ ला बंद झाले. बिटकॉइनला तर वेगळीच यंत्रे लागतात.

“मग मी काहीच करू नको?” तो चिडला. त्याचेही खरे. पोरांनी यंत्राला हात घालावा, असे विहारात आम्हीच सांगतो.

रविवारी दोघे लॅमिंग्टन रोडला गेलो. साधा बोर्ड घेतला, एका कार्डाचा. संगणक जुळवायला शिकण्यापुरता. उरलेले पैसे त्याने आईच्या हातात ठेवले. वहिनीने आधी मोजले, मग चहा टाकला.