चैत्यभूमीहून कान्हेरीला

डिसेंबर लागला की आर्णीतल्या आमच्या वस्तीत पिशव्या भरायला सुरुवात होते. ज्वारीच्या भाकरी, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, एक चादर आणि घडी घातलेले पांढरे कपडे. एस.टी.ने यवतमाळ, तिथून नेरमार्गे बडनेरा आणि बडनेऱ्याला नागपूरहून येणारी विशेष गाडी. परमपूज्य बाबासाहेबांना अभिवादन करायचे आणि परत फिरायचे. आमच्या वडिलांनी हा प्रवास एकतीस वेळा केला.

वडील जिनिंगमध्ये हमाल होते. जेमतेम चौथी शिकलेले. पण दरवर्षी शिवाजी पार्कवरून एक पुस्तक आणल्याशिवाय ते परतले नाहीत. कधी पाच रुपयांची पुस्तिका, कधी हात सैल असला तर बाबासाहेबांच्या ग्रंथाचा एखादा खंड. ती सारी पुस्तके अजून लोखंडी पेटीत आहेत. मुंबईची दुसरी कोणतीही वस्तू त्यांनी घरी आणली नाही. आम्ही पोरे विचारायचो, "बाबा, मुंबईत काय काय पाहिलं?" ते म्हणायचे, "आपण अभिवादनाला जातो, हिंडायला नाही."

या बोलण्यामागची गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली. तरुणपणी परतीच्या गाडीत एक प्रवासी दुसऱ्याला म्हणाला, "हे लोक फुकटात मुंबई पाहायला येतात." वडील खिडकीपाशी उभे होते. ते काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून दादर स्टेशन, रांग, चैत्यभूमी, पुस्तकाचे दुकान आणि पुन्हा दादर स्टेशन, एवढीच त्यांची मुंबई. राणीचा बाग नाही, गेटवे नाही. कोणी बोट दाखवू नये म्हणून एका माणसाने एकतीस वर्षे मान वळवून कुठे पाहिले नाही, हे मला तेव्हा मोठे वाटायचे. आता वाईट वाटते.

माय मात्र एकदाही गेली नव्हती. डिसेंबर म्हणजे कापूस वेचणीचे दिवस. एकाने खाडा केला तर घर चालते, दोघांनी केला तर चालत नाही. २०२१ साली वडील गेले. त्यानंतर दोन वर्षांनी, २०२३ च्या नोव्हेंबरात माय आपणहून म्हणाली, "औंदा मी जातो मुंबईले." अडुसष्ट वर्षांची बाई, गुडघे दुखतात. मी सोबत निघाले.

गाडीतल्या गर्दीचे वर्णन करीत नाही. वाचकांपैकी बहुतेकांनी ती पाहिलेली आहे. रांगेत आम्ही रात्रभर होतो. पहाटे चैत्यभूमीच्या घुमटासमोर माय पोहोचली, हात जोडले, डोळे मिटले आणि मागच्यांनी ढकलले म्हणून पुढे गेली. एवढ्यासाठी एवढा प्रवास. पण बाहेर आल्यावर ती समुद्राच्या बाजूला वळली आणि थांबली. समुद्र तिने प्रथमच पाहिला.

मी तिला सांगितले, की ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचे दिल्लीत महापरिनिर्वाण झाले, विमानाने त्यांना मुंबईत आणले, राजगृहातून अंत्ययात्रा निघाली आणि ७ तारखेला याच वाळूवर चिता रचली. हा स्तूप नंतरचा. १९७१ च्या ५ डिसेंबरला मीराताई आंबेडकरांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. माय ऐकत होती की नाही कोण जाणे. लुगडे घोट्यापर्यंत उचलून ती पाण्यात दोन पावले गेली, ओंजळ भरली, जिभेला लावली आणि थुंकली. "खारट हाये बाप्पा! येवढं पानी, अन् पेयाले घोटभर नाही."

मुक्काम कल्याणला भाच्याकडे होता. तो तिथे एका कारखान्यात वेल्डिंगचे काम करतो. संध्याकाळी तो म्हणाला, "आजी, उद्या कान्हेरीला जाऊ. बुद्धलेणी आहेत. मी विहारातल्या पोरांसोबत दोनदा जाऊन आलो."

माय एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "मी हिंडाले आली का? तुह्या आज्यानं एकतीस खेपा करून काही पाह्यलं नाही, अन् मी एका खेपेत पाहू?"

भाच्याने पुष्कळ समजावले. माय भिंतीकडे तोंड करून झोपली. मला रात्री झोप लागेना. टी.व्ही.वर भूमध्य समुद्रातल्या बेटांच्या सहली दाखवतात. ग्रीसच्या क्रीट बेटावर लोक सकाळी समुद्रात डुंबतात आणि दुपारी साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीचा वाडा पाहतात. त्यांना कोणी विचारत नाही, फुकटे का आलात म्हणून. उलट सुसंस्कृत म्हणतात. आणि आपण ज्या मुंबईत येतो तीही बेटेच आहेत. दक्षिणेला मूळची सात बेटे, उत्तरेला साष्टीचे मोठे बेट. त्या साष्टीच्या मधोमध डोंगरात आपल्या पूर्वजांच्या धम्माची शंभरावर लेणी आहेत. दादरला उतरून लोकलने तासाभरात बोरिवली येते. आमच्या वडिलांनी ते अंतर एकतीस वर्षांत ओलांडले नाही.

सकाळी मी मायला एवढेच म्हणाले, "बाबांच्या पेटीत लेण्यांचं पुस्तक आहे. त्यांनीच आणलेलं. पाहायचंच नसतं तर आणलं कशाला असतं?" माय काही बोलली नाही. पण पांढरे लुगडे पुन्हा नेसली.

७ डिसेंबर २०२३, गुरुवार. बोरिवली स्टेशनपासून राष्ट्रीय उद्यानाचे फाटक जवळ आहे. तिथून लेणी पाच-सहा किलोमीटर आत, जंगलातून. उद्यानाचे तिकीट वेगळे आणि लेण्यांचे वेगळे, हे लक्षात ठेवावे. सोमवारी उद्यान बंद असते. आणि भाकरीचे गाठोडे हातात धरू नये. आमची चटणी-भाकर पायऱ्यांवरच्या एका वानराने नेली. माय हसून म्हणाली, "जाऊ दे, दान झालं."

तीन क्रमांकाचे चैत्यगृह मोठे आहे. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातले, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले. पडवीच्या दोन टोकांना वीस फुटांहून उंच अशा बुद्धाच्या उभ्या मूर्ती आहेत. आत स्तूप आणि दोन्ही बाजूंनी खांबांच्या रांगा. काही खांबांवर नक्षी आहे, बाकीचे साधे अठपैलू, काम अर्ध्यावर राहिलेले. मायने स्तूपासमोर बसून त्रिसरण-पंचशील घेतले. आवाज घुमला तेव्हा दचकली, मग जरा मोठ्याने म्हणू लागली. शाळेच्या सहलीची पोरे दारात गप्प उभी राहिली.

भिंतीवरची अक्षरे तिने बोटाने दाखवली. "हे काय लिवलं?" मी म्हटले, ब्राह्मी आहे, मला वाचता येत नाही. "मलेबी येत नाही, तुलेबी येत नाही. बराबर झालो," माय म्हणाली. शिकलेली लेक म्हणून मी मिरवत होते, ते तिथेच जिरले.

ही लिपी हजारेक वर्षे या देशात कोणालाच वाचता येत नव्हती. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ती उलगडली आणि मग दगड बोलू लागले. या डोंगराचे जुने नाव लेखांत कण्हगिरी असे आहे, म्हणजे काळा डोंगर. दाने देणाऱ्यांत व्यापारी आहेत, भिक्षुणी आहेत, गृहिणी आहेत, कारागीर आहेत. बरेच दाते कल्याण आणि सोपारा या बंदरांतले. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक खलाशाने लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या पुस्तकात या दोन्ही बंदरांची नावे आहेत. भूमध्य समुद्राच्या काठच्या रोमन मुलखातला माल इजिप्त आणि तांबड्या समुद्रामार्गे या किनाऱ्याला येत होता. कार्ल्याच्या लेण्यात तर यवनांनी दिलेले खांब आहेत. आज आपले लोक ज्या समुद्राची बेटे पाहायला जातात, तिकडची माणसे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या लेण्यांना दान देत होती.

भाचा मात्र त्याच्या आवडत्या लेखापाशी घेऊन जायला उतावीळ झाला होता. "आजी, इथं कल्याणच्या एका लोहारानं वाट बांधून दिल्याचं कोरलं आहे." माय त्याच्याकडे बघून म्हणाली, "म्हंजे तुह्याच गावचा अन् तुह्याच धंद्याचा! तू काय देल्लं रे अजून?" पोरगा लाजला.

वर चढताना माय दमली आणि एका छोट्या लेण्याच्या ओट्यावर टेकली. इथे बहुतेक लेण्यांची रचना सारखीच. पुढे अंगण, पडवी, आत एक खोली, झोपायला दगडाचा ओटा. आणि बाजूला कातळात खोदलेले पाण्याचे टाके. डोंगरावर पडणारे पाणी कातळातल्या पन्हळींनी या टाक्यांत आणून सोडले आहे. पावसाळा संपून दोन महिने होऊन गेले होते, तरी त्या टाक्यात पाणी होते. लेखांत या टाक्याला पोढी म्हटले आहे. भाच्याने सांगितले, की कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने अशी एक पोढी दान दिली, तसा लेख आहे.

"सोनारानं देल्ली? कोनासाठी?"

"संघासाठी, आजी."

"अन् संघात कोन्या जातीचे लोक होते?"

भाचा म्हणाला, "संघात जात नव्हती. उपाली न्हावी होता, सुनीत भंगी होता."

मायने वाकून पाण्यात हात घातला. मग ती बोलली ते मी यापूर्वी कधी ऐकले नव्हते. तिच्या माहेरच्या गावी एकच गोडी विहीर होती. तिच्या आईसोबत ती सात-आठ वर्षांची असताना घागर घेऊन जायची आणि विहिरीपासून लांब, बाभळीखाली बसायची. कोणी वरून ओतून दिले तर पाणी. नाही दिले तर रिकामी घागर घेऊन परत. उन्हाळ्यात दुपारपर्यंत बसावे लागे. एकदा तिने तहानेने विहिरीच्या पन्हळीला तोंड लावले, तर तिच्या आईनेच तिला मारले. "माह्या मायनं मारलं म्हून दुसऱ्या कोनी मारलं नाही," ती म्हणाली. बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायले ते १९२७ साली. मायची ही गोष्ट त्यानंतर पस्तीस वर्षांची. आमच्या वडिलांना ती ठाऊक होती. आम्हा लेकरांना तिने सांगितली नाही, कारण आमच्या घरी तोवर नळ आला होता.

आम्ही तिघे तिथे बराच वेळ बसलो. भाचा खालच्या दगडाकडे पाहत होता. त्याला बहुधा रडू येत होते, पण मोठा झालेला पोरगा, मी पाहिले नाही असे केले.

अकरा क्रमांकाचे लेणे लांबट सभागृहासारखे आहे. मधोमध दगडाचे दोन लांब, बुटके ओटे. वेरूळच्या पाचव्या लेण्यातही असेच आहेत. भिक्षू ओळीने बसत असतील, शिकत असतील, जेवत असतील. माय म्हणाली, "विहारात पंगत बसते तशीच." कान्हेरीत हजार वर्षे वस्ती होती. नवव्या शतकात, शिलाहार राजा पुल्लशक्तीच्या वेळच्या एका लेखात डागडुजीसाठी, भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि पुस्तकांसाठी पैशाची सोय केलेली आहे. पुस्तकांसाठी! मला वडिलांची लोखंडी पेटी आठवली. हे मी मायला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मंग तुहे बाबा काही येगळं नवते करत."

डोंगरमाथ्यावर वारा होता. खाली झाडी आणि त्यापलीकडे इमारतींची गर्दी. पश्चिमेला धुरकट समुद्र. सोपाऱ्याचा स्तूपही पाहायचा होता. तिथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी उत्खनन केले आणि सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तिथलाच. पण मायचे गुडघे आणि परतीची गाडी, दोन्हीमुळे राहून गेले.

परतीच्या गाडीत समोरच्या बाकावरच्या एका बाईने विचारले, "कुठं गेला होता, मुंबई फिरायला?" माझा जीव वरखाली झाला. वडिलांची खिडकी आठवली. माय शांतपणे म्हणाली, "हो. बाबाले अभिवादन केलं, अन् आमची लेनी पाहून आलो." त्या बाईने लेण्यांची माहिती विचारली. माय बडनेऱ्यापर्यंत सांगत होती, वानराने भाकर नेल्याचे दोनदा.

आता वस्तीतल्या अकरा बायांनी तिच्याकडे दर आठवड्याला वीस-वीस रुपये जमा करायला सुरुवात केली आहे. हिशेब मी वहीत लिहिते. यंदा त्यांना कान्हेरी आणि सोपारा दोन्ही करायचे आहे. निघायचे कधी असे कोणी विचारले की माय म्हणते, "पहिला येचा होऊ द्या कापसाचा, मंग पाहू."