कुठे लिहिलंय?

आमच्या निविदा सूचनेत वर्षानुवर्षं एक वाक्य छापून यायचं : ‘प्राप्त निविदा शक्य झाल्यास त्याच दिवशी उघडण्यात येतील.’ त्यातल्या ‘शक्य झाल्यास’ या दोन शब्दांवर नोकरीची पहिली बारा वर्षं माझी नजर कधी अडखळली नाही. मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात मी तेव्हा शाखा अभियंता होतो. जुन्या फाइलमधून सूचना उतरवायची, तारखा बदलायच्या, साहेबांची सही घ्यायची, असं चालायचं. मग जागतिक बँकेच्या कर्जातून जलस्वराज्य प्रकल्प आला. मी केलेला पहिला मसुदा मुंबईहून तपासून परत आला, तेव्हा ते दोन शब्द लाल शाईनं खोडलेले होते आणि समासात लिहिलं होतं, ‘शक्य का होणार नाही?’

उत्तर मला माहीत होतं. आमच्या शिपायालाही माहीत होतं. निविदा पेटी रात्रभर बंद खोलीत राहिली, की सकाळपर्यंत कुणाकुणाला निरोप जातात, कुणाचा लिफाफा बदलतो, कुणाला ‘या वेळी थांब’ म्हणून सांगितलं जातं. बँकेचा नियम साधा होता. दुपारी तीनला मुदत संपली की त्याच जागी लगेच पेटी उघडायची, आलेल्या ठेकेदारांसमोर प्रत्येकाचं नाव आणि रक्कम मोठ्यानं वाचायची, आणि वाचलं ते तिथल्या तिथे नोंदवून सह्या घ्यायच्या. त्या वाचनाला सगळ्या खरेदी प्रक्रियेत तोड नाही, असं मी आजही मानतो. एकदा आकडा चारचौघांत उच्चारला गेला की तो कुणाच्या खिशातला राहत नाही.

जलस्वराज्य २००३ मध्ये सुरू झाला आणि महाराष्ट्राच्या २६ जिल्ह्यांत २००९ पर्यंत चालला. योजना कोणती हवी हे गावानं ठरवायचं, खर्चाच्या दहा टक्के लोकवर्गणी गावानं भरायची, आदिवासी गावांना पाच टक्के, आणि खरेदीही गावाच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीनंच करायची. माझ्याकडे या समित्यांना खरेदी शिकवण्याचं काम आलं. मला स्वतःला ती येत नाही, हे पहिल्या सहा महिन्यांत उमगलं.

मी ज्याला खरेदी समजत होतो, ते निविदा उघडल्यानंतर सुरू व्हायचं. तुलनात्मक तक्ता करायचा, सगळ्यात कमी दराच्या ठेकेदाराला केबिनमध्ये बोलवायचं, चहा द्यायचा आणि म्हणायचं, ‘बघा, अजून काही कमी होतंय का.’ तो दोन टक्के कमी करायचा, आम्ही टिपणीत ‘वाटाघाटीनं शासनाचे इतके रुपये वाचविले’ असं लिहायचो आणि आपण सरकारचं भलं केलं असं आम्हाला मनापासून वाटायचं. बँकेनं भारतातल्या देशांतर्गत निविदांसाठी घातलेल्या अटींत हे सरळ बंद होतं : पूर्वसंमतीशिवाय दराची वाटाघाट नाही, सर्वांत कमी दरवाल्याशीही नाही. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रागावलो. पैसे वाचत असतील तर बिघडलं कुठे? एका जुन्या ठेकेदारानंच मला समजावलं. ‘साहेब, तुम्ही बोलावणार हे आम्हाला ठाऊकच असतं. ते दोन टक्के आम्ही आधीच चढवून ठेवतो. आणि ज्याला तुम्ही बोलावणार नाही असं वाटतं, तो भरतच नाही.’ त्या दिवसानंतर वाटाघाटीतल्या बचतीवर माझा विश्वास राहिला नाही.

निविदा भरण्यासाठी बँकेनं घातलेल्या तीस दिवसांच्या मुदतीचंही तसंच. आम्हाला अल्प मुदतीच्या निविदेची सवय. आठ दिवस, फार तर पंधरा. मार्चअखेर निधी खर्च व्हायचा असतो, ही अडचण खोटी नव्हती. पण आठ दिवसांत कुणाला कळतं? ज्याला आधीच कळलेलं असतं त्याला. बाहेरच्या तालुक्यातल्या माणसानं सूचना वाचावी, साइट बघावी, पाइपचे भाव काढावेत, बँकेतून बयाणा रकमेचा धनाकर्ष आणावा, यालाच पंधरा दिवस लागतात. तीस दिवसांची मुदत म्हणजे त्या अनोळखी माणसासाठी ठेवलेली खुर्ची. त्यानं ठेकेदारांची आपसातली रिंग मोडतेच असं नाही. मी रिंग पाहिली आहे, पाच लिफाफे आणि एकाच हाताचं अक्षर. पण सहावा माणूस येऊ शकतो ही शक्यता उघडी असली, की त्या पाचांना आकडा लिहिताना हात आखडता घ्यावा लागतो.

आता एक प्रसंग जरा सविस्तर सांगतो, कारण त्यानं मला बराच काळ छळलं.

दोन गावांच्या सामाईक पाइपलाइनचं काम होतं. बाबवार दराची निविदा होती, म्हणजे प्रत्येक बाबीचा दर ठेकेदारानं अंकी आणि अक्षरी लिहायचा. चार निविदा आल्या. सर्वांत कमी ज्याची होती तो तालुक्यातला कष्टाळू माणूस. स्वतः खड्ड्यात उतरून सांधे तपासणारा, बिलासाठी कधी आवाज न चढवणारा. त्याच्या निविदेत चर खोदाईच्या बाबीपुढे अंकात ९६ रुपये होते आणि अक्षरात ‘एकशे शहाण्णव रुपये’. प्रमाण होतं २,४०० घनमीटर. बेरीज त्यानं ९६ धरून केली होती आणि त्या बेरजेनं तो दुसऱ्यापेक्षा १,१०,००० रुपयांनी खाली होता. आमच्या दस्तऐवजात कलम स्पष्ट होतं : अंकी आणि अक्षरी दरांत तफावत असेल तर अक्षरी दर ग्राह्य, बेरीज त्यानुसार दुरुस्त होईल, दुरुस्ती मान्य नसेल तर निविदा नामंजूर. १९६ धरल्यावर त्याची रक्कम २,४०,००० रुपयांनी वाढली आणि तो दुसऱ्या क्रमांकावर गेला.

तो माझ्या टेबलासमोर उभा राहिला. ‘साहेब, मुलानं लिहिलं, चुकून एकशे पडलं. माझा दर ९६च आहे. मी लिहून देतो.’ मला माहीत होतं तो खरं बोलतोय. विभागातले सगळे त्याच्या बाजूनं होते. शासनाचाही फायदा होता, सरळ एक लाख दहा हजारांचा. मी त्याला कलम दाखवलं. त्यानं दोनदा वाचलं, मान हलवली आणि गेला. कुणाचं नाव घेऊन भांडला नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दीड वर्षानं लेखापरीक्षणात आक्षेप निघाला : कमी दराची निविदा डावलून शासनाचं १,१०,००० रुपयांचं नुकसान का केलं? उत्तरात मी फक्त कलमाचा क्रमांक आणि पान नमूद केलं. परीक्षक स्वतः आले, फाइल उलटली, म्हणाले, ‘कुठे लिहिलंय?’ दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून ते वाचलं आणि आक्षेप वगळला. पण माझ्या मनातला आक्षेप वगळायला आणखी वेळ लागला. मी स्वतःला हा प्रश्न विचारत राहिलो : समजा तीच चूक एखाद्या लबाड ठेकेदारानं मुद्दाम केली असती तर? अंकात एक, अक्षरात दुसरं, आणि निविदा उघडल्यावर बाकीच्यांचे आकडे ऐकून सोयीचा दर ‘माझा खरा’ म्हणून सांगितला असता? चांगल्या माणसासाठी मी कलम वाकवलं असतं, तर त्या लबाडाला नाही म्हणायला माझ्याकडे काय उरलं असतं? समोर कोण उभा आहे हे कळण्याआधी लिहिलेलं वाक्यच न्यायाचं असतं. कळल्यानंतर लिहिलेलं कितीही दयाळू असलं तरी नाही.

याच्या उलट घडलेलंही सांगायला हवं. तिथे दोष सर्वस्वी माझा होता. खडकातल्या एका कामाच्या निविदेत लागणाऱ्या यंत्रसामग्रीचा तक्ता मी कोरा सोडला. घाई होती, मागच्या कामात लागला नव्हता. सर्वांत कमी दरवाल्याकडे खडक फोडायला कॉम्प्रेसर नव्हता, हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक. मी त्याला अपात्र ठरवायची टिपणी लिहून पाठवली. प्रकल्प कक्षातून एका ओळीचं उत्तर आलं : ‘कॉम्प्रेसर हवा असं कुठे लिहिलंय?’ कुठेच लिहिलं नव्हतं. काम त्यालाच द्यावं लागलं आणि ते आठ महिने रखडलं. त्या उन्हाळ्यात त्या गावानं टँकरचं पाणी प्यायलं. माझ्या एका कोऱ्या तक्त्यामुळे बायकांनी रात्री दोनला उठून हंडे भरले, हे मी विसरलो नाही. म्हणून नव्या अभियंत्यांना मी पहिल्यांदा परिशिष्टंच वाचायला लावतो. मुख्य दस्तऐवज छापील असतो, तो सहसा चुकत नाही. काम चुकतं ते परिशिष्टांच्या रिकाम्या चौकटींत.

ही विद्या मला नीट शिकवली ती एका गावच्या समितीतल्या मावशींनी. छोट्या खरेदीला निविदेऐवजी तीन कोटेशनं पुरायची. त्या गावानं ९० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपसाठी तीन दुकानांतून कोटेशनं आणली. समितीचा सचिव सर्वांत स्वस्तावर बोट ठेवून ठराव लिहायला बसला. मावशींना वाचायला सावकाश यायचं. त्या तीनही कागद जाजमावर शेजारी शेजारी ठेवून बोटानं ओळ ओळ जुळवत होत्या. म्हणाल्या, ‘या दोघांनी सहा किलो लिहिलंय. यानं चार किलो लिहिलंय. हे किलो कशाचे?’

वजनाचे नव्हेत, दाबाचे. दर चौरस सेंटिमीटरला पाइप किती दाब सोसतो त्याचे. एक किलो म्हणजे दहा मीटर पाण्याचा स्तंभ. त्या गावात विहिरीपासून टाकीपर्यंतचा चढ जवळपास ४५ मीटरचा. चार किलोचा पाइप चाळीस मीटरलाच थकतो, मग घर्षण आणि पंप बंद पडतानाचा धक्का तर वेगळाच. पाइपवर आयएस ४९८५चा शिक्का दोन्हीकडे असतो, रंग तोच, लांबी तीच. फरक असतो तो भिंतीच्या जाडीत. मी हे जमिनीवर रेघ ओढून सांगितलं. मावशी म्हणाल्या, ‘मग आपण मागताना सहा किलो असं लिहिलं होतं का?’ लिहिलं नव्हतं. समितीनं फक्त ‘९० मिमी पीव्हीसी पाइप’ मागितला होता. त्यांनी सचिवाला सांगितलं, ‘परत लिवा. सहा किलो लिवा, आयएसचा नंबर लिवा, आन् माल आल्यावर आमी मोजून घेनार आसं बी लिवा.’ तिघांनाही नवं पत्र गेलं. माल आला तेव्हा सामाजिक लेखापरीक्षण समितीच्या दोघी ट्रॅक्टरपाशी उभ्या राहून नळ्यांवरचा शिक्का वाचत होत्या.

पंपाच्या खरेदीत मात्र आम्ही कमी पडलो आणि तो दोष कागदाचाच होता. कमी किंमत एवढाच निकष होता. साडेसात किलोवॉटची मोटर रोज सहा तास चालली तर वर्षाला १६,४२५ युनिट वीज लागते. तेच पाणी पंधरा टक्के कमी विजेत चढवणारा पंप वर्षाला सुमारे अडीच हजार युनिट वाचवतो. तो खरेदीला महाग पडतो म्हणून तक्त्यात तो हरायचा आणि पुढं वीजबिल थकून योजना बंद पडायची. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत टाकी उभी आहे, नळ आहेत आणि पंपाचं कनेक्शन तोडलेलं आहे. बँकेनं १ जुलै २०१६ पासून नवी खरेदी चौकट आणली. तिचा भर पैशाच्या मोलावर आहे, आणि वस्तू वापरण्याचा पुढचा खर्चही मूल्यमापनात धरता येतो. मी तेव्हा निवृत्तीच्या उंबरठ्यावर होतो. ही वाट दहा वर्षं आधी मिळाली असती तर काही गावांचे नळ वाहते राहिले असते, याची खंत वाटते.

आता निविदा ऑनलाइन भरल्या जातात. कार्यालयाच्या फाटकात उभं राहून दुसऱ्याला पेटीपर्यंत पोहोचू न देण्याचे दिवस गेले, ही मोठी गोष्ट झाली. पण संगणकाला कोरी चौकट कळत नाही आणि ‘९० मिमी पाइप’ एवढंच लिहिलं तर तो तेवढंच छापतो. अलीकडे अंदाजपत्रकापेक्षा तीस तीस टक्के बिलो भरलेल्या निविदा मी पाहतो तेव्हा त्या दरात काय वगळलं जाणार, हे मला त्या तीन कागदांवरून फिरणाऱ्या मावशींच्या बोटानं कळतं.

तुमच्या गावात, तुमच्या वॉर्डात पाण्याचं काम निघालं असेल तर उद्घाटनाची वाट बघू नका. ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत जा आणि दोन कागद मागा : कामाचे तांत्रिक विनिर्देश आणि दरांचा तुलनात्मक तक्ता. दिले नाहीत तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज करा. कागद हातात आले की ते शेजारी शेजारी ठेवून बोटानं ओळ ओळ जुळवत वाचा.