सैल चाप

बंदुकीच्या चापात, ती घडवणाऱ्याने माणसाविषयी बांधलेला अंदाज दडलेला असतो. जर्मन सैन्याने 1898 साली स्वीकारलेल्या माउझर रायफलीचा चाप दोन टप्प्यांचा. पहिल्या टप्प्यात तो नुसता मागे सरकत राहतो. सैल, निवांत, काहीच घडत नाही. मग बोटाला अडसर लागतो. तिथून पुढे मनावर घेऊन ओढलं, तरच गोळी सुटते. थंडीने बधिर झालेलं, भीतीने थरथरणारं बोट नुसतं लागलं म्हणून बंदूक उडू नये, याची ही तजवीज. माउझरच्या कारागिरांना सैनिकाच्या शौर्याइतकीच त्याची भीतीही ठाऊक असावी.

दुसऱ्या महायुद्धानंतर अशा रायफली अमेरिकेत ढिगाने आल्या. काही परतणाऱ्या सैनिकांच्या सामानातून, बाकीच्या सैन्याने मोडीत काढलेल्या मालातून. 1968च्या कायद्याने बंद करेपर्यंत त्या घरबसल्या टपालानेही मागवता येत. लोकांनी त्यांची लाकडं तासली, नळ्या आखूड केल्या, वर दुर्बिणी चढवल्या आणि त्या हरणांच्या शिकारीला नेल्या. चाप बदलणं हे त्यातलं सर्वांत लहान काम. पण बंदुकीचा स्वभाव पालटतो तो त्यानेच.

पेनसिल्व्हेनियातल्या माझ्या शेजाऱ्याने आपल्या माउझरला टिम्नी कंपनीचा चाप बसवला, तेव्हा मी जवळ उभा होतो. रायफल रिकामी असल्याची खात्री करून त्याने खालचे दोन स्क्रू काढले, पोलादी भाग लाकडातून उचलला आणि एक पिन ठोकून बाहेर काढली. जुना चाप, त्याची स्प्रिंग, सगळं त्याबरोबर हातात आलं. नवा चाप त्याच पिनेवर बसला. फक्त त्याला जागा व्हावी म्हणून आतलं लाकूड थोडं कोरावं लागलं. मग परीक्षा. रिकामा बोल्ट जोरात लोटायचा, दस्ता जमिनीवर आपटायचा. ताणलेली फायरिंग पिन आपणहून सुटता कामा नये. सुटली नाही.

मी चाप ओढून पाहिला. जुन्याला तीनेक किलोंचा जोर लागे, याला जेमतेम निम्मा. सरकणं नाही, वाट पाहणं नाही. भाजलेला पापड मोडावा तसा कट्कन सुटला. नेम धरणाऱ्याला हेच हवं असतं, कारण लांबलेल्या ओढीत नळी हलते. हा चाप ज्या माणसासाठी केला आहे, त्याच्यापाशी वेळ आहे. तो श्वास सावरून बसला आहे, समोर कागदाचं निशाण आहे आणि मुख्य म्हणजे पलीकडून त्याच्यावर कोणी गोळी झाडत नाही.

शेजारी म्हणाला, रायफल सुधारली. मला वाटतं, रायफल सैन्यातून निवृत्त झाली. त्या सैल ओढीला आपण खुशाल खोट म्हणतो, कारण ती ज्या भीतीसाठी राखून ठेवली होती, ती आपल्या बोटांना कधी शिवलीच नाही.