मळभाचे दिवस आणि मोहोरावरचा सौदा

मार्च लागला की कोकणातल्या रात्रींचा भरवसा राहत नाही. उत्तरेत एखादा पश्चिमी चक्रावात हिमालयावरून पुढे सरकला, की त्याच्यामागून कोरडे, गार वारे खाली उतरतात आणि सहेरीला गोधडी सोडवत नाही. दुपारी तेच अंगण तापतं. मग अरबी समुद्रावरून बाष्प आत आलं की मळभ धरतं, सह्याद्रीच्या बाजूला गडगडू लागतं, आणि हवामान खात्याच्या नकाशात आमचा रत्नागिरी जिल्हा हिरव्याचा पिवळा होतो. पिवळा म्हणजे फक्त लक्ष ठेवा. पण आंब्याच्या घरात तेवढ्यानेही इफ्तारचा घास उतरत नाही.

थंडी आंब्याला हवीच. पावसाळा सरल्यावर रात्री गार आणि कोरड्या गेल्या तर कलमं मोहोरतात. तीच थंडी उशिरा परतली की घात करते. वाटाण्याएवढी फळं धरलेल्या फांदीलाच नवा मोहोर फुटतो, झाडाचं अन्न तिकडे वळतं आणि आधीची फळं गळून खाली पडतात. शिवाय गारठ्यात आलेल्या मोहोरात नर फुलंच जास्त, माश्याही कमी फिरतात. झाड बघणाऱ्याला भरलेलं दिसतं, फळ मात्र धरत नाही. त्यावर मळभ आलं तर तुडतुडे आणि भुरी, पाऊस पडला तर करपा. फवारणी झाल्यावर लगेच सर आली, तर औषध, मजुरी, डिझेल सगळं मातीत.

रोजे ठेवता, नमाज पढता, मग ढग बघून एवढा घोर कशाला, असं आम्हाला ऐकवणारेही आहेत. माननीय आयशा (रजि.) यांची रिवायत बुखारीत आहे. आकाशात ढग दिसला की प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या चेहऱ्याचा रंग बदले, ते आत-बाहेर करत, आणि पाऊस पडू लागला की त्यांना हायसं वाटे. आद लोकांनीही ढग बघून पाऊसच समजला होता, ही धास्ती त्यामागे होती. तेव्हा ढगाकडे बघून धडधडलं म्हणजे ईमान कमी पडलं, हे आम्हाला पटत नाही. पाऊस अति झाला तेव्हा तो आमच्यावर नको, आजूबाजूला पडो, टेकड्यांवर, ओढ्यांत, झाडं उगवतात तिथे पडो, अशी दुआ प्रेषितांनी केली होती. ती आमच्या घरात या दिवसांत रोज होते. अम्मीला मात्र दर वेळी हसू येतं. म्हणते, झाडं तर आपलीच आहेत रे!

यंदा या हवामानाने आमच्यापुढे पेच टाकला तो सौद्याचा. आमच्याकडे पुष्कळ बागा मोहोरावरच कराराने जातात. जानेवारीत व्यापारी येतो, मोहोर बघतो, आकडा ठरतो, काही रक्कम लगेच हातात पडते. पुढचा गारठा, मळभ, वादळ त्याच्या नशिबी. यंदाही एक ओळखीचा व्यापारी आला. आकडा चांगला होता, घरात कॉलेजची फी भरायची होती. अब्बा म्हणाले, सगळा गाव देतो. अम्मी म्हणाली, तो काही सावकार नाही, त्यानेही बायकोचे दागिने गहाण ठेवून पैसा उभा केला असणार.

फळ धड होण्याची चिन्हं दिसण्याआधी ते विकू नये, ही मनाई हदीसमध्ये आहे. तिचं कारणही तिथेच आहे. अल्लाहने फळच रोखलं, तर आपल्या भावाचा पैसा कशाच्या बदल्यात घेणार? खजुरीच्या बागांसाठी सांगितलेली ही गोष्ट मार्चमधल्या कोकणाला नेमकी लागू पडते. मौलानांना विचारलं. आमच्या शाफई मसलकात मोहोरावरची अशी विक्री दुरुस्त नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग त्यांनीच खैबरची आठवण दिली. तिथल्या बागा प्रेषितांनी निम्म्या उत्पन्नावर कसायला दिल्या होत्या.

दोन रात्री तरावीहनंतर हाच विषय चालला. फळपीक विम्याचंही बोलणं निघालं, पण भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यांवर, आणि वळवाची सर डोंगराच्या एका अंगाला कोसळते तेव्हा दुसरं अंग कोरडं असतं. शेवटी व्यापाऱ्याला घरी बोलावलं आणि वाट्याने करायचं ठरलं. बाग आमची, राखण आणि तोडणी त्याची, औषधाचा खर्च अर्धा अर्धा, जे फळ उतरेल त्यात निम्मा वाटा. मौलानांनी तपशील ऐकून होकार दिला. फी भरायला अब्बांनी भावाकडून उसने घेतले. हातात आलेला पैसा परत जाताना बघणं सोपं नव्हतं, हेही खरं.

आता सहेरीला फोन वाजतो तो व्यापाऱ्याचा. तिकडे मळभ आहे का, दहिवर पडलंय का, एवढंच विचारतो. आम्ही मेघदूत ॲप बघून सांगतो, कधी तोच आमच्या आधी बघून ठेवतो. दोन्ही घरांतल्या पोरांच्या मोबाइलवर विजेसाठी दामिनीही घातलं आहे. गडगडू लागलं की औषधाचं पिंप उघडं राहिलं तरी चालेल, झाडाखाली कोणी थांबायचं नाही, हे राखणदारालाही बजावलं आहे.

गुरुवार-शुक्रवारी पुन्हा पिवळा रंग दाखवतायत. खालच्या अंगाच्या पस्तीस कलमांवर सुपारीएवढं फळ आहे. बुधवारी असरनंतर वारा पडला तर तेवढी फवारून घ्यायची, पंप व्यापारी आणणार आहे.