वहिवाट आणि कैफियत

२०२५ साली बीबीसीने दाखविलेल्या लुई थेरॉ यांच्या ‘द सेटलर्स’ या अनुबोधपटात, वेस्ट बँकमधील ज्यू वसाहतींच्या चळवळीच्या वयोवृद्ध अध्वर्यू डॅनिएला वाइस, वसाहतकारांच्या दंडेलीची जी दृश्ये जगभर फिरतात त्यांतून आधीची कुरापत गाळलेली असते असे प्रतिपादन करता करता थेरॉंनाच ढकलतात; थेरॉंनी उलट ढकलावे, म्हणजे पाहणाऱ्याला तो दुसरा धक्काच तेवढा दिसेल, असा बाईंचा डाव. थेरॉ उलट ढकलीत नाहीत आणि डाव फसतो. परंतु चौकटीत कोणाला घ्यावे आणि हकीकत कोठून सुरू करावी, हा जो प्रश्न बाईंनी त्या धक्क्याने उभा केला, तो मात्र निकालात निघत नाही.

वसाहतकारांच्या बाजूने आणखीही एक तक्रार करता येईल. १९६७च्या युद्धात इस्रायलच्या कबजात आलेल्या या मुलखात, पूर्व जेरुसलेम वगळता, आज जे सुमारे पाच लाख वसाहतकार राहतात, ते सारेच काही येथे वस्ती करणे हे धर्मकर्तव्य मानणाऱ्या रब्बी झ्वी येहूदा कूक यांच्या शिकवणीने भारलेले नाहीत. मोदीइन इल्लित आणि बेतार इल्लित या लोकसंख्येने सर्वांत मोठ्या वसाहती कर्मठ हरेदींच्या असून, लेकुरवाळ्या संसाराला परवडणारे घर हेच त्यांतील कित्येकांचे येथे येण्याचे कारण. आणि हेब्रॉनलगतच्या किर्यात अर्बात तर मणिपूर-मिझोरामहून गेलेले बेने मेनाशे ज्यूही भेटतात. पण कॅमेऱ्याला आवेश हवा असतो आणि घराच्या हप्त्यांच्या हिशेबात तो सापडत नाही; म्हणून ही माणसे पडद्यामागे राहतात आणि धर्मग्रंथाच्या आधाराने मुलखावर हक्क सांगणारा तेवढा पडद्यावर येतो.

तक्रार रास्त आहे. तथापि चेहऱ्यांची खानेसुमारी पुरी झाली म्हणजे न्याय झाला, असे मला वाटत नाही. श्रद्धेने आलेला असो की स्वस्ताईने, दोघांच्याही दारी रस्ता, पाणी आणि पहारा सरकारच पोहोचविते, आणि दोघांचेही नाव दफ्तरी लागलेले असते. ज्याचे ते नसते, त्याचे काय?

‘नो अदर लँड’ हा २०२४चा अनुबोधपट दोन पॅलेस्टिनी आणि दोन इस्रायली दिग्दर्शकांनी मिळून केला. पण त्याचे मोल या समसमान वाटणीत नसून, मित्र झालेल्या दोघांपैकी इस्रायली युवाल अब्राहामला मोटारीतून वाटेल तेथे जाता येते आणि पॅलेस्टिनी बासेल अद्राला येत नाही, ही विषमताच त्यांनी कथेचा विषय केली, यात आहे. बासेलच्या, वेस्ट बँकमधील मसाफेर यत्ता या टापूला सैन्याने गोळीबाराच्या सरावाचे क्षेत्र ठरविले होते. तेथील आमची कायम वस्ती त्या हुकमापूर्वीची, ही रहिवाशांची कैफियत इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये फेटाळली. ज्यांची वहिवाट दफ्तराने मानली नाही, त्यांच्या घरच्या आणि शेजारच्या माणसांनी वर्षानुवर्षे टिपलेली पाडापाडीची, शाळेची, गुहेत हलविलेल्या संसाराची दृश्ये हाच त्या वहिवाटीचा दस्तऐवज झाला.

म्हणून प्रतिनिधित्वाचा विचार करताना मी आधी दफ्तर कोणाच्या हाती आहे ते पाहीन. त्या परवडणाऱ्या घरातल्या कुटुंबालाही पडद्यावर अवश्य आणावे. मात्र घर केवढ्याला पडले एवढे विचारून थांबू नये, ज्या जमिनीवर ते उभे आहे तिची वहिवाट आधी कोणाची होती, हेही त्याला विचारावे.