पाठीमागचा हात

पोळ्याच्या आदल्या दिवशी ढाणकीतल्या आमच्या मळ्याच्या विहिरीला वरून अकराव्या पायरीपर्यंत पाणी चढलं होतं. मी दहावीवर बसलो होतो, उजव्या कानात व्हॅसलिन लावलेला कापूस. समोर गळाभर पाण्यात ती, तोंडात स्नॉर्कल. मास्क काढून माझ्या मांडीवर ठेवलेला. वर मोटारीच्या पाइपाखाली बैल धूत असलेली पोरं एकेक करून काठाशी जमली. त्यातल्या एकानं विचारलं, "काका, विहिरीत उतराले बी आता सर्टिफिकेट लागते का?"

सर्टिफिकेट तिच्याकडे आहे. जानेवारीत तारकर्लीला तिनं ओपन वॉटरचं कार्ड घेतलं, म्हणजे जोडीदार बरोबर असेल तर अठरा मीटरपर्यंत जायची मुभा. मूळची आमच्याच गावची, नोकरी पुण्यात, पोहायला शिकली तीही पुण्यातल्या तलावात. कार्ड मिळाल्यावर त्याच आठवड्यात सिंधुदुर्ग किल्ल्यामागच्या खडकांवर माझ्याबरोबर पाच डाइव्ह केल्या. पाचही सुरेख. मी तिच्या वडिलांना फोन करून सांगितलं, पोरगी माशासारखी आहे. तो फोन आठवला की अजून कान तापतो.

मास्कमधलं पाणी कसं काढायचं ते डायव्हिंगच्या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. माझं घोडं अडलंय ते त्याच्या आधीच्या तीन सेकंदांपाशी. पाणी आत शिरलंय आणि नाकातून पहिली फुंकर अजून बाहेर पडलेली नाही, तेवढा वेळ. नाकाला पाणी लागलं की छाती आपोआप कवाड लावून घेते. तोंडात रेग्युलेटर आहे, हवा हवी तेवढी आहे, तरी माणूस श्वास घेत नाही. डोळे मोठे होतात, हात मास्ककडे न जाता वर जातो, आणि पाय वल्हवायला लागतात. दहा मीटरवर छातीत कोंडलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. फुप्फुसाला तेवढी जागा नसते. म्हणून त्या तीन सेकंदांत मी माणसाचं जॅकेट धरून ठेवतो. सगळेच धरतात.

पण त्या कवाडाचं काय? तीस वर्षं मी त्यापाशी बसलोय. गुडघे टेकवून करून घेतलं, तरंगत करून घेतलं. आधी थेंबभर पाणी, मग अर्धा मास्क, मग पूर्ण. डोळे मिटून, डोळे उघडून. एकाला तर मनातल्या मनात आरती म्हणायला लावली. त्यानं ती खरंच म्हटली, तोंडातला रेग्युलेटर सुटेपर्यंत. सगळ्यात अवघड जातात ते उत्तम पोहणारे. त्यांच्या अंगात श्वास रोखणं मुरलेलं असतं. मी स्वतः त्यातलाच. याच विहिरीच्या तळाची माती मुठीत आणून दाखवणारा पोरगा होतो. नौदलात गेल्यावर कोचीच्या डायव्हिंग स्कूलमध्ये श्वास चालू ठेवायला शिकायचं होतं, आणि माझी मूठ काही लवकर सुटेना. ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना सांगत नाही.

मालवणात माझी ख्याती एकच: यांच्याबरोबर कोणी घाबरून वर येत नाही. ती पसरवण्यात माझाही वाटा आहे. त्या ख्यातीमागचं कसब म्हणजे डावा हात. नवख्याच्या किंचित वर, मागे राहायचं आणि सिलिंडरच्या मानेवर, व्हॉल्व्हखाली दोन बोटं ठेवायची. ओढायचं नाही, ढकलायचं नाही. तो बुडायला लागला की बोटभर उचलायचा, वर सुटायला लागला की बोटभर दाबायचा. त्याला पत्ताच लागत नाही. त्याला वाटतं, आपण तरंगतोय. वर आल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्याची मला चटक लागली, हे आता लिहून टाकतो.

किनाऱ्यावरचे इतर काय करतात यावर मी तासभर बोलू शकतो, आणि बोलतोच. वीस मिनिटं पर्यटकाला गाठोड्यासारखं धरून फिरवायचं, माशांना पाव टाकून कॅमेऱ्यापुढे गोळा करायचं, आणि व्हिडिओ हातात दिला की "स्कुबा झालं". मासे पावाला इतके सोकावलेत की हात हलला तरी अंगावर येतात. दुसरी जात ताज्या कार्डवाल्याला दुसऱ्याच दिवशी अठरा मीटरवर नेणारी. मी त्यांना नावं ठेवायचो: मी नव्या माणसाला त्याच एका खडकावर, सहा-सात मीटरवर, दहादा नेतो, तुम्ही त्याला नकाशा दाखवता. हे खरंच होतं. पण गाठोडं तेही धरत होते आणि मीही. ते उघड धरत होते.

फेब्रुवारीत सर्दी असताना उतरलो. शिकाऊ पोरांना ज्या चुकीसाठी बोटीवर बसवतो तीच चूक. ग्रुप मोठा होता आणि नाही म्हणणं जिवावर आलं. पाच मीटरवर उजव्या कानात सुई गेल्यासारखं झालं, मग गार पाणी आत गेलं आणि खडक गरगर फिरला. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी पडदा दाखवला. हा हंगाम नाही म्हणाले. पुढच्या हंगामाबद्दल विचारलं तर चष्मा पुसत बसले.

एप्रिलमध्ये ती पुन्हा आली. मी बोटीवर, ती एका तरुण गाइडबरोबर खाली. पोरगा चांगला आहे, नियमानं चालणारा. कार्डवाल्या माणसाला तो हात लावत नाही. मी बुडबुडे बघत होतो. दोघांचे दोन झुपके असतात, आणि सरावलेल्या डोळ्याला त्यातला नवखा कोण ते कळतं: त्याचे घाईनं येतात, मध्येच थांबतात. तिचे थांबले. मी घड्याळ बघितलं नाही, बोटीची कड धरली. मग एकदम उकळल्यासारखे आले, आणि पाठोपाठ दोघं वर. आठ मिनिटं झाली होती.

मास्कमध्ये थोडं पाणी शिरलं होतं, एवढंच. त्या पोरानं तिला सावकाश वर आणलं, सगळं नीट केलं. पण तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, हिच्या कमरेला दोन किलो शिसं जास्त आहे. जानेवारीत कुणी बघितलं नाही का?"

बघितलं होतं. सिलिंडरमधली दीडशे बार हवा संपली की ते दोन किलोनं हलकं होतं, तेव्हा शेवटी माणूस वर सुटू नये म्हणून थोडं जादा बांधायची सवय असते. जादा वजनाचा माणूस बुडतो, पण माझी दोन बोटं होतीच. तेव्हा कशाला तिला पुन्हा पुन्हा वर तरंगवून वजन तपासत बसायचं? पाचही डाइव्हमध्ये ती एकदाही स्वतःच्या श्वासावर तरंगली नव्हती.

संध्याकाळी ती फोन घेऊन आली. जानेवारीचा व्हिडिओ तिनं दहादा बघितला होता म्हणे, पण माशांकडे बघत. आता थांबवून थांबवून बघितला. बुडबुड्यांच्या आड, प्रत्येक चित्रात, काळ्या ग्लोव्हजमधली दोन बोटं. "काका, हा हात कोणाचा?"

मी म्हटलं, "सगळ्यांच्याच मागे ठेवतो."

"मग मले सांगितलं काहून नाही?"

याचं उत्तर मी अजून शोधतोय. माझ्या चुलत्यांनी मला याच विहिरीत शिकवलं. कमरेला सोल बांधला, त्याचं दुसरं टोक त्यांच्या हातात. काही दिवसांनी त्यांनी ते टोक माझ्या डोळ्यांदेखत या दहाव्या पायरीवर एका दगडाखाली ठेवलं आणि बिडी पेटवली. मी रडलो, शिव्या दिल्या, आणि पोहलो. चुलत्यांनी फसवलं नाही. मी ते शिकवणं अडाणी समजत आलो.

मालवणचा समुद्र पावसाळ्यात बंद, म्हणून ती रजा घेऊन गावी आली आणि मीही. सिलिंडर इथे नाही, आणि काळ्या मातीच्या गढूळ पाण्यात त्याचा उपयोगही नाही. लागतं ते फक्त नाकाला पाणी. आधी घरी बादलीत, मग हौदात, मग विहिरीत: मास्क नाही, स्नॉर्कल तोंडात, चेहरा पाण्यात, आणि श्वास चालू. पहिल्या दिवशी चार श्वास. चौथ्याला ठसका.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पाण्यात तोंड घालण्याआधी ती म्हणाली, "काका, तुमचे हात?"

मी दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले. ती तेवढ्यावर थांबली नाही. मांडीवरचा मास्क उचलून माझ्या हातात दिला, दोन्ही हातांनी धरायला लावला. मग खाली वाकली. स्नॉर्कलमधून श्वासाचा आवाज येत होता, भात्यासारखा. दहाव्याला खरखर झाली, नळीत पाणी शिरलं असावं. मास्कची काच माझ्या अंगठ्याखाली कुरकुरली. मग एक फुंकर, पाण्याची चिळकांडी माझ्या शर्टावर, आणि पुन्हा भाता.

वरची पोरं मोठ्यानं मोजायला लागली, मी त्यांना गप्प केलं. मी मोजत होतो.

ती वर आली, डोळे लाल, नाक गळतंय. "किती?"

"एकोणचाळीस."

"छत्तीस," ती म्हणाली. "मी मोजलेत."

मी सांगितलं, मला इथून प्रत्येक श्वास ऐकू येत होता. तिनं माझ्या कानातल्या कापसाकडे बघितलं आणि मास्क मागून घेतला.